जुनी हुकर मंडळाने घ्यावी का?

गॉलवे शहरात स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या वस्तीतील नौकामंडळाला एका शेडमध्ये अनेक वर्षे पडून असलेली जुनी ग्लोट्योग, म्हणजे पश्चिम आयर्लंडच्या हुकर नौकांपैकी लहान जातीची पंचवीस-सव्वीस फुटांची शिडाची नौका, विनामूल्य मिळत आहे. तर ती घ्यावी का, निम्म्याहून अधिक लाकूड बदलल्यावर तिला जुनी म्हणता येईल का, आणि जी मासे धरणार नाही व माल वाहणार नाही अशा नौकेचा वस्तीला उपयोग तरी कोणता. लाकडी नौकांची तपासणी आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय असून त्यातील बराच काळ मी त्याच किनाऱ्यावर काम केले आहे. माझे मत आधीच सांगतो. नौकेच्या लाकडापेक्षा आपल्या मंडळाची तपासणी आधी करावी, कारण कुजलेली फळी बदलता येते, पण हिवाळ्यातील शनिवारी सकाळी शेडमध्ये येणारी सात-आठ माणसे कोणत्याही वखारीत मिळत नाहीत.

उपयोगाचा प्रश्न आपण शेवटी विचारला असला, तरी बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून असल्याने तोच प्रथम घेतो. गॉलवेच्या पश्चिमेकडील कॉनेमाराचा किनारा ग्रॅनाइटचा आणि पीटच्या, म्हणजे वाळवून जाळता येणाऱ्या कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलींचा, तर समोरची आरन बेटे आणि दक्षिणेचा बरेनचा प्रदेश निव्वळ चुनखडीचा. कॉनेमारात जळणाला पीट मुबलक होते, पण जमीन आम्लधर्मी आणि नापीक होती. आरनमध्ये चुनखडी हवी तितकी, मात्र पीटही नाही आणि जळणापुरती झाडेही नाहीत. या दोन उणिवांवर हुकर नौकांचा सारा व्यवहार उभा होता. वाळवलेल्या पीटच्या विटा नौकेच्या काठाच्याही वर भिंतीसारख्या रचून बेटांवर, गॉलवे उपसागराच्या दक्षिण काठावरील किनव्हारा गावाला आणि बरेनच्या धक्क्यांवर नेल्या जात, आणि परतताना स्थैर्यासाठी घेतलेले चुनखडीचे दगड घरी आल्यावर भाजून शेतात चुना म्हणून वापरता येत. सर्वांत मोठी जात, बॉड मोर, पस्तीस ते चव्वेचाळीस फुटांची असे आणि एका खेपेत बारा टनांहून अधिक पीट नेत असे. त्याखालोखाल ल्याहवॉड, मग ग्लोट्योग, आणि ग्लोट्योगच्याच आकाराची पण वेगळ्या शिडाची पूकॉन. पीठ, साखर, मीठ, गुरे, लग्नाची वऱ्हाडे आणि अधूनमधून गावठी दारू, असे सगळेच या नौकांतून गेले आहे.

रस्ते सुधारले, घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या, १९७०च्या दशकात आरनमध्ये वीज पोहोचली, आणि हा व्यवहार संपला. अनेक नौका ओहोटीच्या चिखलात एका कुशीवर पडून तशाच कुजल्या. तथापि एक गोष्ट टिकून राहिली होती, ती म्हणजे शर्यती. माल वाहणारी कुटुंबे उन्हाळ्यात एकमेकांविरुद्ध शर्यती लावत, आणि कोणाची नौका वाऱ्याच्या तोंडावर अधिक चढते हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चाले. १९७८ मध्ये हुकरप्रेमींची संघटना, कुमन हूकेरी ना गॅलिव्ह, स्थापन झाली, आणि १९७९ पासून किनव्हाऱ्याला ऑगस्टमध्ये क्रिन्यू ना मॉड हा नौकांचा मेळा भरू लागला, तेव्हा या मंडळींना शून्यापासून काही उभारावे लागले नाही. सुकाणू धरलेली माणसे हयात होती, नौका बांधणारी घराणी हयात होती, आणि जुने हेवेदावेही तितकेच ताजे होते. माझ्या मते हेव्यादाव्यांचा यातील वाटा सर्वांत मोठा आहे. केवळ वारशाच्या प्रेमापोटी माणूस एकदा वर्गणी देतो. शेजारच्या गावाला हरवायचे असेल तर तो दरवर्षी तळाला डांबर फासायला येतो.

किनव्हाऱ्याच्या मेळ्यात आजही पीट भरलेल्या नौका धक्क्याला लागतात. ते पीट कोणाच्या चुलीसाठी अडलेले नसते, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ते रचायचे कसे, भरलेली नौका वळवायची कशी, हे त्यानिमित्ताने नव्या माणसांच्या हाताखालून जाते. त्याहून जुना प्रसंग कॉनेमाराच्या किनाऱ्यालगतच्या, संत मॅक डारा यांच्या नावाच्या बेटाचा. १६ जुलैला त्या निर्जन बेटावरील दगडी प्रार्थनामंदिरात मिस्सा, म्हणजे कॅथलिक सामुदायिक उपासना, होते, आसपासच्या गावांतून नौका तेथे जमतात आणि नंतर शर्यती होतात. बेटावरून जाताना शीड तीन वेळा खाली-वर करून संताला वंदन करण्याची प्रथा आहे. ज्याने ते दोर कधी ओढले आहेत त्याला कळेल की, भरल्या वाऱ्यात हे करणे म्हणजे नुसती मान तुकवणे नव्हे. शिडाच्या वरच्या तिरप्या काठीला दोन दोर असतात, एक डोलकाठीकडच्या टोकाला आणि दुसरा बाहेरच्या टोकाला. दोन्हींवरची माणसे एकाच लयीत सैल करीत आणि ओढत गेली तरच काठी सरळ खाली येते, नाहीतर ती वाकडी अडकते आणि नौका भलतीकडे तोंड करते. सुकाणूवरचा एक माणूस, मोठ्या शिडाच्या दोन दोरांवर दोघे, पुढच्या शिडांवर एकदोघे, असा हा खेळ असतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. आजची प्लॅस्टिकची नौका एक नवराबायको आरामात चालवतात. तिच्यातील यंत्रे, फिरक्या आणि कप्प्या यांची रचनाच माणसे कमी लागावीत म्हणून केलेली असते. हुकर मात्र माणसांशिवाय जागची हलत नाही. तिचे दोर बहुतांशी हातानेच ओढावे लागतात, दगडांचा भार हातानेच भरावा आणि उपसावा लागतो, तिची डोलकाठी उतरवायला दहा हात लागतात. ज्याला आपण तिची गैरसोय म्हणतो तेच वस्तीच्या दृष्टीने तिचे भांडवल आहे. निवृत्त सुतार, शाळेत मन न लागणारा सोळा वर्षांचा मुलगा, नुकतीच शहरात आलेली परदेशी परिचारिका आणि बँकेतील अधिकारी यांना एका दोरावर आणणारी दुसरी जागा आजच्या शहरात क्वचितच सापडेल. म्हणून आपण ही नौका घेतली तर तिच्यावर श्रम वाचवणारी साधने बसवू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. धक्क्यातून सुखरूप बाहेर पडण्यासाठी छोटे इंजिन ठेवावे किंवा सोबतीला इंजिनाची होडी ठेवावी. पण दोर ओढायला यंत्र बसवले, तर दोन वर्षांत ती दोन माणसांची खासगी नौका होईल.

क्लॅडाचे उदाहरण तर आपल्या घराजवळचेच आहे. कॉरिब नदीच्या मुखाशी असलेले ते कोळ्यांचे गाव, स्वतःचा ‘राजा’ निवडणारे आणि गॉलवेच्या मासळीबाजारावर वर्चस्व गाजवणारे. १९३०च्या दशकात तेथील गवताने शाकारलेली घरे पाडून नगरपालिकेची पक्की घरे बांधली गेली, आणि पुढे धक्क्यावरून हुकरही दिसेनाशा झाल्या. अलीकडच्या काही दशकांत स्वयंसेवकांनी ‘क्री अन ख्लॅडी’ यांसारख्या नौका शहरातच दुरुस्त करून पुन्हा त्याच धक्क्याला बांधल्या. प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात, आणि पर्यटन खाते ती छापते, ते ठीकच आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते दुरुस्तीच्या शेडमध्ये घडलेले शिक्षण. फळी वाफेवर मऊ करून वाकवायची, गरम असतानाच ती बरगडीला आवळायची, आणि थंड होण्याच्या आत शेवटचा शिकंजा बसवायचा, यासाठी मोजकीच मिनिटे हाताशी असतात. त्या मिनिटांत कोण काय करतो ते आधी ठरलेले नसेल तर फळी चिरते. ओरडून काही होत नाही, हे तरुणांना तेथे फार लवकर कळते.

समुद्र जवळ नसला तरी हे घडते. डब्लिनच्या पश्चिमेचे क्लॉन्डॉकिन हे उपनगर किनाऱ्यापासून आत आहे, तरी तेथील आयरिश भाषाप्रेमी मंडळींनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक पूर्ण आकाराची हुकर बांधायला घेतली आणि बऱ्याच वर्षांच्या स्वयंसेवी श्रमांनंतर ‘नीव्ह क्रोनॉन’ पाण्यात उतरवली. ती जुनी दुरुस्त केलेली नव्हे, नवी बांधलेली नौका. परंतु मंडळ आधी आणि नौका नंतर, हा क्रम तेथे स्पष्ट दिसतो. पुढे ती गॉलवेला आली. कॉनेमाराच्या शर्यतींत सुकाणूवरून आयरिश भाषेतूनच हाका दिल्या जातात, त्यामुळे शाळेत ती भाषा केवळ परीक्षेपुरती शिकलेल्या मुलांना ती घाईत, वाऱ्यात आणि थोड्या शिव्यांसह कामाला येताना ऐकू येते. हा लाभ कोणत्याही अनुदानाच्या अर्जात नीट मांडता येत नाही, तरी तो मांडावा.

आता लाकडाकडे वळतो. या नौकांच्या बरगड्या ओकच्या, शक्यतो नैसर्गिक वाक असलेल्या फांद्यांतून कापलेल्या, आणि फळ्या बहुधा लार्च या सूचिपर्णी झाडाच्या. फळीला फळी काठाशी भिडवून, फटींत ताग किंवा कापसाची वात ठासून, वरून डांबर. खिळे पुष्कळदा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. ओकमधील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांचे वैर जुने आहे. मुलामा गेला की खिळ्याभोवती लाकूड निळसर काळे पडते, मग मऊ होते, आणि अखेर फळी बाहेरून निरोगी दिसत असताना तिला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून मी हातोडीने ठोकत जातो तेव्हा फळीच्या मध्यापेक्षा खिळ्यांच्या ओळीकडे अधिक लक्ष देतो. घट्ट लाकडाचा आवाज टणक येतो. सैल खिळ्यापाशी तो फुटका येतो. दुसरी गोष्ट, समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी लाकडाला अधिक घातक असते. खारे पाणी कुजवणाऱ्या बुरशीला रोखते, गोडे पाणी तिला पोसते. त्यामुळे तळाच्या फळ्या चांगल्या आणि वरचा काठ, डोलकाठीचे बूड बसते ती खाच, पुढच्या अर्ध्या डेकखालचे कोपरे आणि मागच्या तिरक्या फळीचे सांधे मात्र भुसभुशीत, असे दृश्य नेहमीचे. आपली नौका शेडमध्ये होती हे चांगले. पण शेडचे छप्पर कोठे गळत होते ते पाहून यावे आणि त्या रेषेखाली टोचा घालून पाहावा. फार कोरड्या शेडमध्ये फळ्या आकसून फटी रुंद झालेल्या असतील, तर त्या घाईने भरू नयेत. आकसलेल्या फटीत वात ठासून भरली आणि नौका पाण्यात फुगली, की फळ्या एकमेकींना ढकलून खिळे बरगड्यांतून उपटतात.

सर्वांत नाजूक काम याच्याही आधीचे असते. हुकर नौका आराखड्यावरून बांधल्या गेल्या नाहीत. कॉनेमारातील म्वीनिशच्या केसींसारख्या नौका बांधणाऱ्या घराण्यांनी त्या नजरेने आणि घरातल्या साच्यांवर बांधल्या. पाण्याची धार कापणारे अरुंद पोकळ तोंड, मधली रुंदी, आणि वर काठाकडे पुन्हा आत वळणाऱ्या कुशी हीच त्यांची ओळख. वर्षानुवर्षे जमिनीवर पडलेल्या नौकेची दोन्ही टोके खचतात आणि मधला भाग उचललेला राहतो, कारण तळाच्या कण्याला फक्त मध्येच आधार असतो. अशा अवस्थेत आपण मापे घेतली तर कागदावर जे उतरते ते बांधणाऱ्याचे वळण नव्हे, ते म्हातारपणाचे वळण असते. म्हणून एकही फळी काढण्यापूर्वी दोन्ही टोकांना आधार देऊन रोज थोडे थोडे उचलत, काही आठवड्यांत कणा सरळ आणावा. आतून आडव्या लाकडांनी नौका जखडून टाकावी. आणि मगच डावी-उजवी दोन्ही बाजूंची मापे घ्यावीत. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या निघणार नाहीत. तो फरक मूळ असेल तर तो सुधारण्याच्या मोहात पडू नये, कारण जुने खलाशी सांगतात त्याप्रमाणे एखादी नौका एका अंगावर दुसऱ्यापेक्षा बरी चालते, आणि तिचा सारा लौकिक त्यावर असू शकतो.

लाकूड किती बदलले यावर नौकेचे जुनेपण ठरवणे मला मान्य नाही. या नौका माल वाहत होत्या तेव्हाही त्यांच्या फळ्या, बरगड्या आणि काठ सतत बदलले जात होते; त्या काळी कोणी त्यामुळे नौकेचे नाव बदलले नाही. आकार कायम राहिला, एका वेळी मोजकेच भाग काढले, आणि प्रत्येक नवा तुकडा जुन्या तुकड्यावरून बेतला, तर ती तीच नौका आहे असे मी अहवालात निःशंकपणे लिहितो. याउलट सगळ्या फळ्या एकदम उतरवून, आकार हरवून, अंदाजाने नवे जोडले, तर कणा मूळचा असला तरी ती प्रतिकृतीच होय. काढलेले तुकडे फेकू नयेत. क्रमांक घालून, छायाचित्रे घेऊन ठेवावेत. कार्यवाहीची वही ज्याच्या हाती द्याल तो मनुष्य सुतारापेक्षा कमी महत्त्वाचा समजू नका.

शिडांविषयी आपण विचारलेले नाही, पण मराठी माणसाला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. हुकरच्या शिडांचा तो तांबूस तपकिरी रंग शोभेसाठी आलेला नाही. सुती कापड कुजू नये म्हणून ते पूर्वी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवत, आणि एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश बेटांवरील मच्छीमार बंदरांत त्यासाठी कातही वापरात आला. तो खैराच्या लाकडापासून निघणारा आणि भारत-ब्रह्मदेशाकडून जाणारा माल होता. चिपळूण-सावर्डे भागात ज्याच्या भट्ट्या आहेत आणि जो आपण विड्यात खातो, तोच हा कात. आज बहुतेक शिडे त्याच रंगाच्या कृत्रिम कापडाची असतात, आणि भिजल्यावरही हलकी राहत असल्याने त्यांना विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र परंपरेचे कौतुक बाजूला ठेवावे. ग्लोट्योग बहुतांशी उघडी असते आणि तिचा भार आत ठेवलेल्या सुट्या दगडांचा असतो. ती भरली तर तरंगत राहणार नाही, सरळ तळाशी जाईल. दगड हलणार नाहीत असे फळ्यांनी कोंडावेत आणि पुढे-मागे हवाबंद पिशव्या बांधाव्यात. सात मीटरपेक्षा लहान नौकेवर प्रत्येकाने, आणि कोणत्याही लांबीच्या क्रीडानौकेच्या डेकवर सोळा वर्षांखालील मुलांनी, जीवरक्षक जाकीट घालणे आयरिश नियमांनी बंधनकारक आहे. आपण मंडळापुरता तो नियम सर्वांना आणि सर्व नौकांना लावावा. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे झाले तर बारा प्रवाशांपर्यंतच्या नौकेलाही परवाना लागतो, आणि त्या तपासणीत जुन्या उघड्या नौकेचा टिकाव लागणे कठीण असते. तेव्हा सहलींच्या उत्पन्नावर अंदाजपत्रक बांधू नये. वर्गणी, स्थानिक देणग्या आणि आयर्लंडच्या हेरिटेज कौन्सिलच्या सामुदायिक वारसा अनुदानासारख्या योजना हेच वास्तव मार्ग आहेत. लाकडाचा खर्च लोक मोजतात. शिडे, डोलकाठी, विमा, उचलण्याचे यंत्र आणि हिवाळ्यातील छप्पर यांचा मोजायचा राहून जातो.

वेळेचा अंदाज द्यायचा तर ‘आयलन’कडे पाहावे. आयरिश दर्यावर्दी कॉनर ओब्रायन यांनी आखलेली ही छप्पन फुटी दोन डोलकाठ्यांची नौका १९२६ मध्ये वेस्ट कॉर्कच्या बाल्टिमोरला फॉकलंड बेटांसाठी बांधली गेली, तिकडे मेंढ्या आणि माल वाहत राबली, १९९७ मध्ये आयर्लंडला परत आणली गेली, आणि ओल्डकोर्ट येथील हेगार्टी यांच्या नौकाबांधणीच्या आवारात व लिमरिकच्या कार्यशाळेत काम होऊन २०१८ मध्ये पुन्हा पाण्यात उतरली. पुढच्याच वर्षी ती ग्रीनलंडला जाऊन आली. मधली वीस वर्षे वाया गेली असे कोणी म्हणेल, परंतु लिमरिकमध्ये त्या काळात किती जणांनी हातात रंधा धरला, हे पाहिले तर हिशेब वेगळा लागतो. आपली नौका निम्म्याहून लहान आहे आणि तिला वीस वर्षे लागणार नाहीत. मात्र पुढच्या उन्हाळ्यात शर्यतीत उतरू, असे आश्वासन सभासदांना देऊ नये. शेडमध्ये काम चालू असतानाच मुलांना एखाद्या मित्रमंडळाच्या नौकेवर दोर धरायला पाठवावे, म्हणजे नौका तयार होईल तेव्हा तिला चालवणारेही तयार असतील. उलट क्रमाने गेलेली, सुंदर दुरुस्त होऊन माणसांअभावी धक्क्यावर पुन्हा कुजलेली नौका मी पाहिली आहे.

नौका विनामूल्य मिळत असली तरी लेखी करार करावा. ती कोणा एका उत्साही सभासदाच्या नावावर न घेता मंडळाच्या नावावर घ्यावी. देणाऱ्या कुटुंबाची नावासंबंधी काही अट असल्यास ती नोंदवावी, आणि तिचे पूर्वीचे सुकाणूधारी हयात असतील तर त्यांची साक्ष ध्वनिमुद्रित करून घ्यावी. मंडळ बरखास्त झाले किंवा सलग दोन हंगाम नौका पाण्यात उतरली नाही, तर ती कोणत्या दुसऱ्या मंडळाकडे जाईल, हे त्याच करारात लिहावे. त्या कलमावर सभासदांत एकमत होत नसेल, तर नौका जिथे आहे तिथेच, गळके छप्पर तेवढे दुरुस्त करून, आणखी एक वर्ष राहू द्यावी.